डिजिटल मार्केटिंगची मुलाखत : पाठ केलेले आणि केलेले



वाणिज्य किंवा कला शाखेचा पदवीधर तरुण घरी येऊन 'डिजिटल मार्केटिंगमध्ये नोकरी पाहतो आहे' असे सांगतो, तेव्हा मध्यमवर्गीय घरात क्षणभर शांतता पसरते. बँक, शिक्षकी पेशा, शासकीय सेवा, फार तर संगणक अभियांत्रिकी ही क्षेत्रे वडीलधाऱ्यांच्या परिचयाची. या नव्या कामात नेमके काय करतात असे विचारावे, तर मुलगा इंग्रजी आद्याक्षरांची माळ ओवू लागतो : एसईओ, पीपीसी, सीटीआर. आईवडिलांचे समाधान होत नाही. आणि गंमत अशी, की मुलाखत घेणाऱ्याचेही याच उत्तराने समाधान होत नाही. कारण दोघांचा प्रश्न एकच असतो : तू नेमके काय करतोस?

म्हणून मुलाखतीची तयारी कुठून सुरू करावी, याचे पहिले उत्तर घरातच सापडते. आपले काम आईला समजेल अशा मराठीत पाच मिनिटांत सांगता आले, तर तो उमेदवार कोणत्याही मुलाखतीला बसण्यास निम्मा सिद्ध झाला असे समजावे. उदाहरणार्थ, असे सांगता येईल : एखाद्याला दारातल्या गळक्या नळासाठी प्लंबर हवा आहे. तो भ्रमणध्वनीवर शोध घेतो. त्या क्षणी त्याच्या समोर कोणत्या प्लंबरचे नाव यावे, त्या नावावर बोट ठेवल्यावर त्याला काय दिसावे, आणि त्याने दूरध्वनी केलाच तर त्या एका दूरध्वनीसाठी व्यावसायिकाला किती खर्च आला, हे तिन्ही पाहणारा माणूस म्हणजे डिजिटल मार्केटिंग करणारा. वृत्तपत्रातील जाहिरात किती जणांनी वाचली आणि त्यांपैकी किती जण दुकानात आले, हे जाहिरातदाराला अदमासानेच ठरवावे लागे. इथे त्यातील बरेचसे मोजता येते. सगळे मोजता येत नाही, हेही मुलाखतीत सांगता आले पाहिजे. पण त्याविषयी पुढे.

या कामासाठी शहराशहरांत शिकवणी वर्ग निघाले आहेत. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, घसघशीत शुल्क आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' असा फलक. काही वर्ग चांगले शिकवतात, यात शंका नाही. परंतु एकाच वर्गातून बाहेर पडलेले पंधरा उमेदवार एकाच सकाळी मुलाखतीला आले, की पंधराही जण एसईओची तीच व्याख्या त्याच क्रमाने सांगतात. मुलाखत घेणारा ती शांतपणे ऐकून घेतो आणि दुसरा प्रश्न विचारतो : "बरे, मग आपण काय केले आहे?" इथे बहुतेकांची गाडी अडते.

या अडचणीवर एक वाईट उपाय प्रचलित झाला आहे. न केलेले काम केल्याचे सांगायचे. परिचयपत्रात एखाद्या कापड दुकानाचे नाव घालायचे, 'विक्रीत तिप्पट वाढ' असे लिहायचे आणि कोणी खोलात शिरणार नाही, या भरवशावर बसायचे. काही ठिकाणी असे करण्याचा सल्ला उघडपणे दिला जातो, ही अधिक खेदाची गोष्ट. नैतिकतेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी हा उपाय टिकत नाही, कारण हे क्षेत्रच नोंदींचे आहे. अनुभवी मुलाखतकार तीन साधे प्रश्न विचारतो. जाहिरात कोणत्या गावांपुरती मर्यादित ठेवली होती? लोकांनी प्रत्यक्षात काय टंकित केल्यावर ती दिसली, त्या यादीत खटकणारे काय आढळले? कोणती जाहिरात मध्येच बंद केली आणि का? ज्याने काम केले आहे, त्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आठवावी लागत नाहीत, ती ओठांवर असतात. ज्याने केलेले नाही, तो पुन्हा व्याख्येकडे वळतो.

अनुभवच नाही, तर नवख्याने सांगावे तरी काय? छोटे, पण स्वतःचे काम. मामाच्या गिरणीचे नाव गूगलच्या नकाशावर नीट नोंदवणे, वेळा व छायाचित्रे अद्ययावत ठेवणे, दोन महिन्यांत तिथून किती दूरध्वनी आले त्याची वहीत नोंद ठेवणे, हे काम आहे. गावातील ग्रंथालयासाठी साधे संकेतस्थळ उभारून त्यावरील कोणती पाने वाचली जातात हे पाहणे, हेही काम आहे. खिशातील पाचशे रुपये खर्चून शेजारच्या काकूंच्या दिवाळी फराळाची जाहिरात एका उपनगरापुरती आठवडाभर चालवली आणि चारच मागण्या आल्या, तरी त्या चार मागण्या पन्नास हजारांच्या काल्पनिक मोहिमेपेक्षा मुलाखतीत अधिक कामाच्या ठरतात. कारण 'चारच का आल्या?' या पुढच्या प्रश्नाला त्या उमेदवाराकडे खरे उत्तर असते. गूगलच्या स्किलशॉपवरील प्रमाणपत्रे विनामूल्य मिळतात. जाहिरातीसंबंधीच्या प्रमाणपत्राची मुदत वर्षभराची असते. ती अवश्य मिळवावीत, पण प्रमाणपत्राने उमेदवार फार तर मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचतो.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळू. एक प्रश्न या ना त्या रूपात बहुतेक मुलाखतींत येतो : "दहा हजार रुपये दिले, तर कसे खर्च कराल?" समजा, व्यवसाय रत्नागिरीतील एका आंबा बागायतदाराचा आहे आणि त्याला पुण्यातील कुटुंबांना थेट हापूस पाठवायचा आहे. पढीक उमेदवार तत्काळ वाटणी सांगतो : चार हजार गूगलवर, चार हजार इन्स्टाग्रामवर, दोन हजार राखीव. जाणता उमेदवार आधी विचारतो. एका डझनामागे बागायतदाराच्या हाती काय उरते? हंगामात किती डझन पाठवता येतील? गेल्या वर्षीच्या ग्राहकांची यादी आहे का? फळ खराब निघाले तर बदलून देणार का? हे प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर टाळणे नव्हे. मुलाखतकाराला अनेकदा हेच पाहायचे असते.

त्याने आकडे दिले, की हिशेब मांडावा, शक्यतो समोरच्या कागदावर. समजा, एका क्लिकला आठ रुपये पडतात. दहा हजारांत १,२५० क्लिक येतील. शंभरांत दोघांनी खरेदी केली, तर २५ मागण्या. प्रत्येक मागणी एक डझनाची आणि डझनाचा भाव एक हजार रुपये धरला, तर विक्री २५ हजारांची. जाहिरातीच्या एका रुपयामागे अडीच रुपयांची विक्री! वर्गात शिकवलेले सूत्र इथे थांबते आणि उमेदवार प्रसन्न होतो. पण बागायतदाराच्या हाती पेटी, वाहतूक, मजुरी वजा जाता डझनामागे अडीचशेच उरत असतील, तर २५ डझनांचे होतात सहा हजार दोनशे पन्नास. खर्च दहा हजार. म्हणजे पावणेचार हजारांचा तोटा, तोही अहवालात यश म्हणून दाखवता येईल असा तोटा. मग ही जाहिरात करूच नये का? तेही घाईचे ठरेल. त्या २५ कुटुंबांपैकी दहांनी त्याच हंगामात जाहिरातीविना आणखी दोनदा एकेक डझन मागवला, तर २० डझनांचे पाच हजार वाढतात आणि व्यवहार साडेबाराशे रुपयांनी नफ्यात येतो. याचा अर्थ पहिल्या पेटीतील आंबा कसा होता, यावर जाहिरातीचे यश अवलंबून आहे. हे सांगणारा उमेदवार केवळ जाहिरातीचा विचार करत नाही, धंद्याचा विचार करतो, हे समोरच्याच्या लगेच ध्यानात येते.

याच उदाहरणात शोधशब्दांचा प्रश्न ओघाने येतो. 'हापूस आंबा' असे शोधणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. 'हापूस लागवड', 'हापूस कलमे', 'हापूस बाजारभाव' शोधणारा बहुधा शेतकरी किंवा व्यापारी असतो. त्याच्या क्लिकचे आठ रुपये वाया जातात. असे शब्द आधीच वगळण्याच्या यादीत घालावे लागतात. दुसरे म्हणजे लोक 'हापूस' देवनागरीत टंकित करतात, रोमन लिपीतही करतात, आणि रोमन लिपीत त्याची तीन-चार रूपे होतात. कोणी 'अल्फान्सो' म्हणतो. कोकणातल्या किंवा देशावरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे आपोआप सुचते. महानगरात बसून केवळ इंग्रजीत विचार करणाऱ्याला ते शिकावे लागते.

'अस्सल' हा शब्दही विचार करूनच वापरावा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बागायतदाराने त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे का, हे जाहिरात लिहिण्यापूर्वी विचारणारा उमेदवार विरळा. आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

तांत्रिक प्रश्न येतातच. त्यांत एक जुना प्रश्न असा : "जो अधिक बोली लावतो, त्याचीच जाहिरात वर दिसते का?" गूगलने २००० साली अ‍ॅडवर्ड्स सुरू केले. २००२ पासून त्यात क्लिकमागे पैसे आकारण्याची पद्धत आली आणि २०१८ मध्ये त्याचे नाव गूगल अ‍ॅड्स झाले. तिथे प्रत्येक शोधाच्या वेळी लिलाव होतो. पण क्रम केवळ बोलीवर ठरत नाही. जाहिरातीवर क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, शोधाशी तिचा संबंध आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव यांचाही त्यात वाटा असतो. याच तीन घटकांवर आधारलेला एक ते दहा असा गुणांक जाहिरातदाराला दाखवला जातो. मात्र तो निदानासाठी असतो. प्रत्यक्ष लिलावात त्या क्षणीची मोजणी स्वतंत्रपणे होते. एवढा शेवटचा भेद सांगितला, तरी उमेदवाराने मूळ माहिती वाचली आहे, हे कळते.

काही प्रश्न जुन्या पुस्तकांतून पाठ करणाऱ्याला उघडे पाडण्यासाठी असतात. गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली. आताच्या आवृत्तीत 'बाउन्स रेट'चा अर्थच बदलला आहे. पूर्वी एकच पान पाहून निघून गेलेली भेट त्यात मोजली जाई. आता दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबलेला, दोन पाने पाहिलेला किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती केलेला पाहुणा 'गुंतलेला' समजतात आणि उरलेल्या भेटी बाउन्समध्ये जातात. तसेच ई-पत्रे किती जणांनी उघडली, या आकड्याचे. २०२१ च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने आपल्या टपाल-सुविधेत खासगीपणाचे संरक्षण आणले. ते स्वीकारणाऱ्यांच्या पत्रांतील चित्रे आपोआप आधीच उतरवून घेतली जातात आणि न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. म्हणून 'चाळीस टक्क्यांनी पत्र उघडले' असे अभिमानाने सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न हमखास येतो. दुव्यावर किती जणांनी क्लिक केले आणि किती जणांनी उत्तर दिले, हे सांगणे अधिक सुरक्षित. सगळे मोजता येत नाही असे वर म्हटले, ते याच अर्थाने.

कुकीजविषयीही असाच सापळा असतो. तृतीय पक्षाच्या कुकीज क्रोममधून हद्दपार होणार, असे २०२० पासून सांगितले जात होते. अनेक अभ्यासक्रमांत ते झाल्याप्रमाणेच शिकवतात. गूगलने २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत सोडून दिला.

"संकेतस्थळावर येणारे वाचक अचानक निम्म्यावर आले, तर काय कराल?" या प्रश्नाला घाबरलेला उमेदवार दहा उपाय सांगतो. वैद्य नाडी पाहण्याआधी औषध देत नाही. आधी मोजणीच बिघडली आहे का, हे पाहावे. एखाद्याने पानाचा साचा बदलताना मोजणीची संकेतावली पुसलेली असते आणि वाचक होते तिथेच असतात. मग घट सगळ्या मार्गांनी आहे की केवळ गूगलच्या शोधातून, सगळ्या पानांवर आहे की एकाच विभागात, गेल्या वर्षी याच दिवसांत काय होते, हे क्रमाने तपासावे. शालेय साहित्य विकणाऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये ओहोटी लागतेच. तो दोष कोणाचाही नाही. क्लिक घटले पण शोधात नाव पूर्वीइतकेच दिसते आहे, असे आढळले, तर शोधणाऱ्याला उत्तर वरच्या वरच मिळते आहे का, हेही पाहावे. २०२४ मध्ये भारतातही गूगलने शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे सारांश देण्यास आरंभ केल्यापासून ही शक्यता धरावी लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी थेट प्रश्नही येतो : "तुम्ही ती वापरता का?" नाही म्हणणे खोटे वाटते आणि सर्वस्वी तीच वापरतो म्हणणे म्हणजे स्वतःची गरज संपवणे. पहिला मसुदा तिच्याकडून घेतला, त्यात काय चुकीचे आढळले आणि काय बदलले, असे एक उदाहरण सोबत असावे. मराठी मजकुरात तर अशी उदाहरणे पदोपदी मिळतात. हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावलेल्या जाहिराती रस्तोरस्ती दिसतातच.

यावरून मराठी माध्यमातील मुलांच्या धास्तीचा विषय निघतो. मुलाखत इंग्रजीत असेल, तर कामापुरते इंग्रजी हवे, यात दुमत नसावे. अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, साधनांची माहिती इंग्रजीत असते. परंतु 'माझे इंग्रजी कच्चे आहे, क्षमा करा' अशा वाक्याने मुलाखतीचा आरंभ करणारा उमेदवार स्वतःच्या हाताने आपला भाव उतरवतो. सावकाश, छोट्या वाक्यांत, आकड्यांनिशी बोलावे. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे तालुक्याच्या गावांतला ग्राहक या बाजारात आला. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस कंपन्यांना हवा असतो. अर्जासोबत स्वतः लिहिलेल्या दोन मराठी जाहिराती जोडाव्यात, एक चाललेली आणि एक न चाललेली, आणि न चाललेलीचे कारण सांगावे.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र तंत्राचा नसतो. "आमच्या स्पर्धकाला पाचशे चांगले अभिप्राय आहेत. आपल्यालाही महिन्याभरात पाहिजेत. जमेल?" हा प्रश्न कधी परीक्षा म्हणून विचारतात, कधी खरोखरच तशी अपेक्षा असते. घरी कर्ज आहे, धाकट्या बहिणीचे शिक्षण आहे, नोकरी हातातोंडाशी आली आहे, अशा वेळी 'जमेल' हा शब्द जिभेवर येतो. तो गिळावा, आणि केवळ 'हे माझ्या तत्त्वात बसत नाही' असे म्हणून थांबूही नये. कारण सांगावे आणि पर्यायही द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याखाली २०२२ च्या जूनमध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढले. २०२३ च्या नोव्हेंबरात ग्राहकाला फसवून वळवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादीच केंद्र सरकारने प्रसिद्ध केली. 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई तिच्यात आहे. खोटे अभिप्राय पकडले गेले, तर गूगल ते काढून टाकते आणि व्यवसायाच्या नोंदीवर निर्बंधही येतात. हे सांगून पुढे म्हणावे : "पण गेल्या सहा महिन्यांतील खऱ्या ग्राहकांची यादी द्या. प्रत्येकाला काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी अभिप्रायाची विनंती पाठवू. पाचशे येणार नाहीत. तीस-चाळीस आले, तरी ते टिकतील." मात्र त्या यादीवर जाहिरातींचा मारा करता येत नाही, हेही उमेदवाराला ठाऊक हवे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. जाहिरातीच्या लघुसंदेशांना तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार मजकुराचा साचाही आधी नोंदवावा लागतो.

या उत्तराने नोकरी जाऊ शकते. काही ठिकाणी जाईलच. पण ज्या मालकाला पहिल्याच भेटीत खोटेपणा हवा आहे, तो उद्या चौकशी आली की ते संदेश कोणाच्या संगणकावरून गेले, हे दाखवण्यासही कचरणार नाही, याचा विचार मुलापेक्षा आईवडिलांनी अधिक करावा. नोकरी नाकारून घरी आलेल्या मुलाला 'एवढे कशाला बोलायचे होतेस?' असे म्हणू नये.

शेवटी उमेदवाराला विचारतात : "आपल्याला काही विचारायचे आहे?" 'नाही' हे उत्तर देऊ नये. पहिल्या तीन महिन्यांत कामाचे मूल्यमापन कोणत्या आकड्यावर होणार, आधी हे काम कोण करत होते, जाहिरात-खात्यांची मालकी कंपनीकडे आहे की बाहेरच्या संस्थेकडे, हे विचारावे. चाचणी म्हणून महिन्याभराचा संपूर्ण आराखडा विनामूल्य मागितला, तर दोन पानांची रूपरेषा द्यावी आणि उर्वरित काम नियुक्तीनंतर करू, असे नम्रपणे सांगावे. वेतनाचा आकडा विचारला, तर त्या शहरातील त्याच पदाच्या चार-पाच जाहिराती पाहून ठरवलेली मर्यादा सांगावी. 'आपण द्याल ते' असे म्हणू नये. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची अट, ठरावीक काळाचा करार आणि तो मोडल्यास द्यावयाची रक्कम, 'प्रशिक्षणासाठी' आगाऊ पैसे, यांपैकी काहीही निघाले तर तिथे स्वाक्षरी न करता कागद घरी आणावा. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा बहुधा नोकरी देणारा नसतो. कागद रात्री घरच्यांनी एकत्र बसून वाचावा, न कळलेल्या कलमांवर पेन्सिलीने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी ती कलमे ई-पत्राने, लेखी विचारावीत.